हौदाआधी पाणी, चुलीआधी वारा

"असंच पाहिजे," म्हणत समोरचा माणूस मोबाइल पुढे करतो. पडद्यावर पांढऱ्याशुभ्र भिंती, निळी दारे, कड्याला टेकलेला पोहण्याचा तलाव, त्याच्या काठाला दगडी ओटा, ओट्यावर भट्टी आणि मागे समुद्र. घर ग्रीसमधल्या सँटोरिनीचे असते, कधी स्पेनच्या किनाऱ्यावरचे. माणूस असतो मिरजगावचा, राशीनचा, नाहीतर पुण्यात नोकरी करून कर्जत तालुक्यातल्या वडिलोपार्जित रानात घर बांधायला निघालेला. शेतावरच्या घरांचे नकाशे काढता काढता हा प्रसंग माझ्यापुढे इतक्यांदा आला, की प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढावे असे वाटले. त्यातून हे पुस्तक झाले.

ते चित्र मला आवडते, हे आधीच सांगतो. चैत्र-वैशाखात चाळिशीच्या वर पारा जाणाऱ्या माळावर ज्याने आयुष्य काढले, त्याला पाण्याकाठी सावलीत बसून चार घास खावेसे वाटले तर त्यात वावगे काहीच नाही. उलट त्याचा हक्क इतरांपेक्षा जास्त. प्रश्न एवढाच, की चित्रातले काय घ्यायचे. लोक टाइल घेतात, निळा रंग घेतात. घ्यायचे असते ते पाण्याचे शहाणपण, आणि ते चित्रात दिसत नाही.

कर्जत म्हटले की मुंबईच्या माणसाला रायगड जिल्ह्यातले कर्जत आठवते. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शनिवार-रविवारच्या बंगल्यांतून पोहण्याचे तलाव कधीचे आले आहेत. त्या कर्जतसाठी छापलेले नकाशे, तिथल्या ठेकेदारांचे दरपत्रक, तिथल्या अंगणांचे फोटो घेऊन लोक आमच्याकडे येतात. आमचे कर्जत नगर जिल्ह्यातले, पर्जन्यछायेतले. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जूनमध्ये थोडा तोंड दाखवून मधले दीड-दोन महिने पळणारा आणि सप्टेंबरात परतताना जरा बरसणारा. एका बाजूला सीना, दक्षिणेला सिद्धटेकपाशी वळसा घेणारी भीमा आणि उजनीचा फुगवटा. मधल्या मोठ्या पट्ट्याला कुकडीच्या कालव्याचा आधार, आणि तोही शेवटच्या टोकाचा. आवर्तन कधी सुटणार, सुटले तर टोकापर्यंत पोचणार का, या दोन प्रश्नांवर इथली वर्षे मोजली जातात. 1972 चा दुष्काळ खडी फोडून काढलेली पिढी अजून ओसरीवर बसलेली आहे, आणि 2019 च्या उन्हाळ्यात जनावरांसोबत चारा छावणीत मुक्काम केलेली माणसे तर अगदी माझ्या वयाची. त्यांच्या डोळ्यांदेखत अंगणात निळे पाणी भरायचे असेल, तर ते कुठून आले आणि पुढे कुठे जाणार, हे उजळ माथ्याने सांगता आले पाहिजे.

भूमध्य समुद्राचा काठ हासुद्धा पावसाने ओथंबलेला प्रदेश नाही. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा जातो. सँटोरिनीला नदी नाही. जुन्या घरांची छपरे पाणी गोळा करण्यासाठी घडवलेली, आणि घराखाली टाके. माल्टामध्ये व्हॅलेटा हे शहर 1566 पासून वसवले गेले, तेव्हा प्रत्येक घराला पावसाच्या पाण्याचे टाके हवेच, असा नियमच होता. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेल्या पाँपेईतल्या घरांचे नकाशे पाहिले, की आपला वाडा आठवतो. मधला चौक आकाशाला उघडा, छपराचा उतार चौकाकडे, चौकात उथळ हौद आणि त्याच्या पोटातून खाली टाक्यात उतरणारे पाणी. त्याच गावातल्या काही घरांत बागेमध्ये वेलींच्या मांडवाखाली बांधून काढलेल्या जेवणाच्या बैठका आहेत, शेजारी पाण्याचा पाट. आज मासिकांत छापतात त्या अंगणातल्या स्वयंपाकघराची आणि तलावाची ही पणजी म्हणायची.

स्पेनच्या दक्षिणेला तर गोष्ट आणखी जवळ येते. तिथे बागेला पाणी देण्यासाठी बांधलेल्या हौदाला आल्बेर्का म्हणतात. हा शब्द अरबी बिर्कावरून आला. आपला हौदही अरबीतूनच आला. पाटाचे पाणी आल्बेर्कात साठवायचे, तिथून पाळीने संत्र्या-डाळिंबांना सोडायचे, आणि उन्हाळ्यात घरातल्या पोरांनी त्यातच डुंबायचे. मेक्सिकोत आज पोहण्याच्या तलावालाच आल्बेर्का म्हणतात. म्हणजे आधी तो शेताचा हौद होता, पोहणे मागाहून आले. माझ्या या सगळ्या पुस्तकाचा कणा म्हणजे ही एक गोष्ट. कर्जतच्या घरापुढचा पोहण्याचा हौदसुद्धा आधी शेताचाच असावा.

तिकडच्या लोकांनी हे विसरून नुसते निळे खड्डे खोदले, तेव्हा काय झाले तेही ताजे आहे. 2023 च्या वसंतात फ्रान्सच्या दक्षिण टोकाच्या पिरेने-ओरिएंताल जिल्ह्यात दुष्काळामुळे तलाव भरायला तर बंदी आलीच, जमिनीवर ठेवायचे तयार तलाव विकायलाही बंदी आली. 1 फेब्रुवारी 2024 ला बार्सिलोनासह कातालोनियाच्या मोठ्या भागात पाण्याची आणीबाणी जाहीर झाली. ज्यांची चित्रे आपण मोबाइलवर जपून ठेवतो, त्यांच्याही नशिबी हे आले.

आपल्याकडे पाण्याकाठच्या घराची हौस परकी नाही. नगर शहराबाहेर फराहबाग आहे. निजामशाहीत बांधलेला, 1583 मध्ये पुरा झालेला, तलावाच्या मध्यभागी उभा अष्टकोनी महाल. आज तलाव कोरडा असतो आणि महालाची पडझड झाली आहे, तरी आत उभे राहिले की उंच छताखालचा गारवा अंगाला कळतो. त्या काळी नगरला दूरवरून खापरी नळांनी पाणी आणले होते. महालांचे सोडा, आमच्या शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीला 1725 मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाईंनी देशभर घाट, विहिरी आणि बारवा बांधल्या. बारवेकडे मी नकाशे काढणारा म्हणून पाहतो तेव्हा तिच्या पायऱ्यांपुढे नतमस्तक होतो. आश्विनात पाणी वर असो की ज्येष्ठात तळाला गेलेले असो, माणूस त्याच्यापर्यंत पायांनी चालत जातो आणि पायांनीच चालत वर येतो. पाण्याची पातळी बदलत राहणार, हे त्या बांधकामाने मनापासून मान्य केलेले असते.

पोहायला आम्ही शिकलो ते विहिरीत. पाठीला रिकामा डबा नाहीतर पांगाऱ्याचे वाळके बिंडे बांधून काका वरून ढकलून द्यायचे आणि स्वतः मागोमाग सूर मारायचे. आठवड्याभरात डबा सुटायचा. मग मुटका, मग मोटेच्या धावेवरून उडी. विहिरीला दगडी पायऱ्या होत्या, कपारी होत्या, एक जुनी मुळी लोंबत होती. थकलेल्या पोराच्या हाताला काहीतरी लागायचे.

आता विहिरी उन्हाळ्यात कोरड्या आणि पाणी शेततळ्यात. 2016 मध्ये मागेल त्याला शेततळे ही योजना आली, त्याआधीही फळबागांसाठी तळी होतीच. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल असा मोठा आकार, आणि आत पाचशे मायक्रॉनचे काळे प्लॅस्टिक अस्तर. डाळिंबाची, लिंबाची बाग त्यावर जगते. पण या तळ्यांत दर उन्हाळ्यात महाराष्ट्रात कुठे ना कुठे पोरे बुडतात, त्यांना काढायला उतरलेले बाप बुडतात, आणि बातमी चार ओळींची येते. का बुडतात ते एकदा काठावर बसून हाताने पाहावे. मी पाहिले आहे. उतारावरच्या अस्तराला पाण्याखाली बोटभर शेवाळ धरते. त्यावर तळहात टेकला की तो लोण्यावरून सरकावा तसा खाली येतो. नख रोवायला जागा नाही, पाय अडकवायला कपार नाही. पट्टीचा पोहणारा तिथे दहा मिनिटांत दमतो आणि काठ दीड हातावर असून त्याला तो मिळत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर, दोन ठिकाणी टायरची शिडी, भोवती कुंपण आणि फाटकाला कुलूप, एवढे केले तर हे मरण टळते. खर्च एका चांगल्या मोबाइलपेक्षा कमी. या पुस्तकातले दुसरे काहीही वाचले नाही तरी चालेल, एवढे एक प्रकरण वाचावे आणि आजच दोर बांधावेत, अशी हात जोडून विनंती आहे.

त्यामुळे मी शेततळ्यात पोहायला सांगत नाही. त्याच्या शेजारी वेगळा बांधीव हौद सांगतो. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटरच्या आतली खोली. त्यात सुमारे 38 हजार लिटर पाणी मावते. हा आकार मी उगाच धरलेला नाही. शंभर चौरस मीटर छपरावर आपल्याकडच्या सरासरी वर्षात पन्नास हजार लिटर पाऊस पडतो. पहिला वळीव सोडून दिला, गळती आणि गाळणी वजा केली, तरी चाळीस हजार लिटरच्या आसपास हाताशी येते. म्हणजे घराने स्वतःच्या डोक्यावर पडलेल्या पाण्यातून आपला हौद भरला. विहिरीला हात लावला नाही, टँकर मागवला नाही. याहून मोठा हौद हवा असेल तर आधी तेवढे छप्पर दाखवा, असे मी घरमालकाला सांगतो.

पण भरणे सोपे, टिकवणे अवघड. मार्चपासून उघड्या पाण्याची पातळी ऊन आणि वारा मिळून दिवसाला आठ-दहा मिलिमीटरने खाली नेतात. आपल्या हौदाच्या पृष्ठभागावर याचा हिशेब अडीचशे ते तीनशे वीस लिटर होतो. ग्रामीण भागात नळाने माणशी रोज 55 लिटर द्यावे असे जलजीवन मिशनचे माप आहे. पाच माणसांच्या घराचे पाणी रोज आकाशात जाते, आणि मृगापर्यंतच्या शंभर दिवसांत हौदाचा दोन तृतीयांशाहून जास्त हिस्सा. डाळिंबावर घालतो तेच हिरवे शेडनेट दुहेरी करून तारेवर ओढले, पश्चिमेला शेवग्या-हादग्याची ओळ लावून वारा अडवला, तर यातला मोठा भाग वाचतो. मुंबई-पुण्याच्या नकाशात ही तार कधीच नसते. इथे ती पायाइतकीच महत्त्वाची.

दुसरी गोष्ट मातीची, आणि ती मी स्वतः चूक करून शिकलो. माझा पहिला हौद मी काळ्या रानात मांडला. घराच्या ओसरीतून दिसतो, जेवताना समोर येतो, म्हणून. पावसाळाभर काठोकाठ उभा होता. फेब्रुवारीत रान सुकून भेगाळले, आणि एका सकाळी मालकाने फोन केला की पाणी वीतभर उतरले आहे. आम्ही टाइल उचकटल्या. खालच्या भिंतीत कोपऱ्यापासून निघालेली चीर, तीत माझे करंगळीचे नख सहज जात होते. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, आणि तिच्या या श्वासाबरोबर वरचे काँक्रीट हलते. शेतकऱ्याच्या पोराला हे सांगावे लागू नये, पण कागदावर रेघा ओढताना मी ते विसरलो होतो. त्या कुटुंबाचे पैसे आणि पाणी दोन्ही गेले, याचे ओझे अजून आहे. तेव्हापासून नियम एकच : हौद मुरमाड माळावर. काळ्यातच करायचा झाला तर काळी पूर्ण उपसून मुरूम भरून, पाणी मारून, दाबून, मगच. भीमेच्या फुगवट्याच्या बाजूला उलटी काळजी. तिथे जमिनीतले पाणी वर असते तेव्हा हौद रिकामा ठेवला तर खालचा दाब त्याला अख्खा उचलू शकतो.

हौदाला एका पूर्ण बाजूने पायऱ्या ठेवाव्यात, बारवेसारख्या. चित्रातली स्टीलची शिडी एका कोपऱ्यात असते आणि घाबरलेले मूल नेमके दुसऱ्या कोपऱ्यात. पायऱ्यांवर आजी पाय सोडून बसते, धाकटे पहिल्या पायरीवर खेळते, आणि रात्री चुकून पडलेले कुत्रे किंवा मुंगूससुद्धा बाहेर येते. रेहेकुरीच्या अभयारण्याच्या आसपास ज्यांची राने आहेत, त्यांनी कुंपणाबाहेर एक उथळ दगडी डोणी भरून ठेवावी. काळविटांना तहान आपल्याआधी लागते.

पाणी स्वच्छ ठेवायला क्लोरीन लागते, पण मापात. लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम आणि सामू 7.2 ते 7.8 च्या दरम्यान. बोअरचे जड पाणी असेल तर टाइलांवर क्षारांचे पांढरे पापुद्रे धरतात, म्हणूनही छपराचे पाणी बरे. हौद उपसायचा असेल तेव्हा क्लोरीन घालणे आठवडाभर आधी थांबवावे. उघड्या उन्हात ते उडून जाते आणि पाणी लिंबाच्या आळ्यांत सोडता येते. हल्ली मिठावर क्लोरीन तयार करणारे यंत्र विकायला येते. समुद्रकाठच्या बंगल्यात ते चालेल. आपल्याकडे त्या हौदातले खारे पाणी बागेत गेले तर बाग जाईल, आणि बागेत न्यायचे नाही तर हौद कशाला बांधला?

आता चूल. लोकांना वाटते की उघड्यावरचे स्वयंपाकघर बाहेरून आले. मार्गशीर्ष-पौषात कर्जतच्या कुठल्याही ज्वारीच्या रानात जावे. वीतभर खोल आगटी, तीत शेणाच्या गोवऱ्यांचा धुमसता आर, त्यात खुपसलेली हिरवीगार कणसे. कणीस तडतडले की बाहेर, हातात झेलत, तळव्यांवर चोळत, फुंकर मारून कूस उडवत. शेजारी वाटीत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. सगळी मांडणी चार हातांच्या आत. भाजणारा वाऱ्याकडे पाठ करून बसलेला, खाणारे त्याच्या बाजूंना अर्ध्या वर्तुळात, वाऱ्याच्या वाटेत कोणीच नाही. ही रचना कुणी कागदावर काढली नव्हती, पण तिच्यात एक चूक काढून दाखवावी. जत्रेतले बोकड, लग्नातली शिपी आमटीची पातेली, गुऱ्हाळाचे चुलवण, सगळे उघड्यावरच. नवे फक्त एवढेच, की आता ते रोजच्या घराला कायमचे जोडायचे आहे.

इथे माझी गुरू एक आजी. राशीनच्या बाजूला एका घराचा नकाशा अंगणात पसरून मी ओट्याची जागा दाखवत होतो. त्यांनी पदर खोचला, पायाने धूळ उडवली आणि ती कुठे जाते ते पाहत म्हणाल्या, "बाबा, तुझ्या कागदावर वारं कुठं हाय?" नव्हते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, थंडीत तो फिरून पूर्वेकडून येतो. मी आखलेल्या जागेवर आठ महिने धूर सरळ माजघरात गेला असता, आणि ठिणग्या कडब्याच्या गंजीकडे. ओटा घराच्या पूर्व अंगाला नेला, पश्चिमेला खांद्याइतकी दगडी भिंत घेतली, वर आढ्यापाशी दोन्ही बाजूंनी झरोके ठेवले. गंजी पंधरा मीटर लांब सरकवली. त्या अंगणात आज भाकरी करणारी सून दुपारच्या सावलीत बसते आणि हौदातल्या पोरांवर तिची नजर राहते. पुस्तकात ज्याला मी ओट्याचा कोन म्हणतो, तो हाच.

मोबाइलमधल्या ओट्याची उंची उभ्याने मांस भाजणाऱ्या पुरुषाच्या मापाची असते. आपल्याकडे भाकरी थापायची असते, काटवट ठेवायची असते, वैलावर कालवण शिजत ठेवायचे असते. म्हणून एक उभा ओटा आणि त्याला लागून एक बसका, असे दोन्ही मी सुचवतो, आणि मापे घेताना घरातली जी स्वयंपाक करते तिला बोलावतो. बऱ्याच घरांत तिला पहिल्यांदाच विचारले जाते. गॅसची शेगडीही ठेवायची असेल तर टाकीच्या कप्प्याला तळाशी जाळीची खिडकी हवी. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो आणि वरच्या झरोक्यातून जात नाही. समुद्रकाठी खारी हवा पोलाद खाते म्हणून तिकडे 316 दर्जाचे पोलाद वापरतात. आपल्याला तेवढ्या खर्चाची गरज नाही, 304 पुरते. आपला शत्रू धूळ आणि वावटळ. उघडे कप्पे करू नयेत, आणि ओट्याला काळा ग्रॅनाइट लावू नये. मेमधल्या दुपारी त्यावर हात टेकत नाही. इथला घडीव दगड किंवा कोबा पुरे.

पुस्तकाची प्रकरणे मी बांधकामाच्या क्रमाने लावलेली नाहीत. आधी पाणी, मग वारा, मग माती, मग चूल आणि हौद, आणि रंग-टाइल सर्वांत शेवटी, अवघ्या सहा पानांत. घर नदीकाठी असो, कालव्याच्या टोकाला असो की कोरड्या माळावर, तिन्हींसाठी वेगळे नकाशे दिले आहेत. ज्यांच्या रानात उन्हाळ्यात पिण्याचेच पाणी टँकरने येते, त्यांच्यासाठी हौदाचा नकाशा मी दिलेला नाही. त्यांच्यासाठी छपराखालचे टाके आणि सावलीतली चूल आहे. टाके भरू लागले, आणि तीन उन्हाळे टँकर लागला नाही, की चौथ्या वर्षी पायऱ्यांची जागा सोडून ठेवलेली आहेच.

पहिल्या प्रकरणाआधी एक कोरे पान आहे, बारा रकान्यांचे. नकाशा काढायला येण्याआधी ते भरून आणावे. दर महिन्याला विहिरीत पाणी किती हात आहे, आणि दुपारी चार वाजता अंगणात उधळलेली मूठभर माती कुठल्या दिशेला जाते, एवढेच लिहायचे. नोंद मृगापासून सुरू करावी. तेव्हा विहीर तळाला गेलेली असते, आणि ती कुठवर जाते ते आधी कळलेले बरे.